रिकाम्या हाताने परतलेल्यांनाही विचारा

संपादक महोदय,

वसंत आला की आपल्या पेपरात एक फोटो हमखास येतो, दोन्ही हातांत भलामोठा मासा धरलेला माणूस आणि खाली ओळ, "यंदा नदीत मासे भरपूर". फोटो बघून मलाही बरं वाटतं, मी स्वतः कित्येक वर्षं गळ टाकतोय, पण त्या खालच्या ओळीवर माझा आक्षेप आहे आणि तो जरा सविस्तर सांगायचाय.

चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर येतात आणि जिथे बंधारा आडवा येतो तिथे त्यांची दाटी होते, आणि आम्ही गळवाले नेमके तिथेच उभे असतो. आता समजा नदीतले मासे निम्मे झाले, तर उरलेले निम्मे तरी कुठे येणार, त्याच बंधाऱ्याखाली ना. म्हणजे माझ्या गळाला पूर्वीसारखेच लागत राहणार, मी सगळ्यांना सांगत सुटणार की कुठे कमी झालेत, आणि मग एका वर्षी एकदम काहीच नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या कॉडचं असंच झालं, साठा आटत होता तरी बोटींच्या जाळ्यात मासे चांगले येत राहिले, त्यामुळे सगळं ठीक वाटत राहिलं आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. तो समुद्र होता, पण फसगत हीच.

म्हणून वर जाणारे मासे वेगळे मोजावेच लागतात. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणाच्या फिश लॅडरपाशी (मासे धरण चढून जावेत म्हणून बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या) १९३८ पासून मोजणी चालू आहे, काचेच्या खिडकीमागे माणूस बसतो आणि समोरून गेलेला प्रत्येक मासा नोंदवतो. वसंतात येणाऱ्या चिनूक जातीच्या सामन माशांचा हा आकडा बघून गळाचे दिवस हंगाम चालू असतानाच कमीजास्त केले जातात, पुढच्या वर्षाची वाट बघत नाहीत, आणि मला तरी हेच सगळ्यात पटतं. अर्थात खिडकीतून दिसायला पाणी स्वच्छ लागतं. पूर आला, पाणी गढूळ झालं की सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातलं टिपणारं यंत्र लावतात, त्यात मासा दिसतो पण एकाच आकाराच्या दोन जाती असल्या की कुठला कोण ते कळणं अवघड, मग थोडे मासे पकडून बघावेच लागतात.

आणि तारीख ठरवून मोजणी सुरू करणं हा तर वेडेपणा आहे, मासे कॅलेंडर बघून येत नाहीत, पाणी किती तापलं आणि किती वाहतंय यावर येतात. तिकडचा वॉलाय नावाचा मासा साधारण ६ ते १० अंश सेल्सिअसला अंडी घालतो, शॅड या दुसऱ्या माशाला त्याहून बरंच कोमट पाणी लागतं. वॉलायचे नर आधी येतात आणि जास्त दिवस थांबतात, गाभोळीने भरलेल्या माद्या उशिरा येऊन लवकर निघून जातात, तेही बहुतेक रात्री उथळ दगडगोट्यांवर. मोजणारा संध्याकाळी पाचला घरी गेला तर त्याला काय दिसणार?

आता आमच्या बाजूचं. एकदा काठावर गळवाल्यांची पाहणी करणारी, वही घेतलेली एक मुलगी आली, किती वाजता आलात, किती रॉड, काय मिळालं, किती सोडून दिले असं विचारायला लागली. मी सकाळपासून रिकामा बसलेलो, चिडून म्हणालो मला काही मिळालं नाही, ज्याला मिळालं त्याला विचार. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचाच आकडा मला जास्त हवाय." तेव्हा कळलं नाही, नंतर हिशोब करून बघितला. दहा जण चार-चार तास बसले आणि फक्त दोघांना तीन-तीन मासे मिळाले. त्या दोघांनाच विचारलं तर ८ तासांत ६ मासे, सगळ्यांना विचारलं तर ४० तासांत ६. नदी तीच आणि मासेही तेच, पण पहिला आकडा पाचपट फुगलेला. आणि तासाला किती मासे हाच आकडा पुढे सगळ्या गळवाल्यांच्या हंगामातल्या एकूण तासांनी गुणून गळाने एकूण किती मासे पकडले ते काढतात, म्हणजे इथली चूक पुढे सगळीकडे पसरते.

त्यामुळे माझी गळवाल्या मित्रांना हात जोडून विनंती आहे, खरं सांगा. मासा मोजू द्या, दोन-चार खवले काढू द्या, त्यावरच्या कड्यांवरून वय कळतं. टॅग, म्हणजे मोजणीवाल्यांनी मासा सोडताना लावलेली ओळखपट्टी, असलेला मासा मिळाला तर टॅग खिशात घालू नका, परत द्या. हंगाम कमी करतील या भीतीने बरेच जण लपवतात, पण टॅग कमी परत आले की आपण मासे कमीच नेले असं दिसतं, म्हणजे हंगाम गरजेपेक्षा लांब राहतो आणि नुकसान आपलंच होतं. सोडून दिलेला मासाही सांगा, कारण सोडलेले सगळेच जगत नाहीत.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एवढंच मागणं, यंदा तो फोटो जरूर छापा, पण त्या दिवशी काठावर किती जण होते, किती तास बसले आणि किती जण रिकाम्या हाताने गेले तेही विचारून खाली छापा, आणि वर किती मासे चढले त्याचा आकडा मिळत असेल तर तो शेजारी द्या.

आपला,
गळ टाकणारा एक वाचक