ब्लॅझारचे अंतर: गॅमा किरण देतात ती कमाल मर्यादा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लडाखमधील हानले येथे 4,270 मीटर उंचीवर उभारलेल्या 21 मीटर व्यासाच्या ‘मेस’ या गॅमा किरणांच्या दुर्बिणीचे ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झाले आणि ब्लॅझार हा शब्द मराठी वाचकांच्याही कानावर पडू लागला. मात्र ‘गॅमा दुर्बिणीने इतक्या अब्ज प्रकाशवर्षांवरचा ब्लॅझार शोधून त्याचे अंतर मोजले’ असे सरसकट लिहिले जाते, ते खटकते. शोधला हे खरे असते, अंतर मोजले हे बहुतेकदा खरे नसते.

ब्लॅझार म्हणजे ज्या दीर्घिकेच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळपास थेट आपल्या दिशेने येतो, ती दीर्घिका. त्यांतल्या ‘बीएल लॅक’ प्रकारात या झोताचा प्रकाश इतका प्रखर असतो की दीर्घिकेच्या वर्णरेषा त्यात बुडून जातात. रेषा नाहीत तर ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने रेषा लाल टोकाकडे किती सरकल्या ते माप) नाही, आणि ताम्रसृती नाही तर अंतर नाही. इथेच अतिउच्च ऊर्जेचे, म्हणजे सुमारे 100 जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वरचे गॅमा किरण उपयोगी पडतात.

ताऱ्यांनी आणि धुळीने आजवर सांडलेला दृश्य व अवरक्त प्रकाश दीर्घिकांमधल्या पोकळीत भरून राहिला आहे. त्यावर आदळला की गॅमा किरण नाहीसा होतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी उरते. 1 टीईव्हीच्या (1,000 जीईव्हीच्या) किरणाला मुख्यतः एका मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. वाट जितकी लांब, तितकी गळती कमी ऊर्जेपासूनच सुरू होते. मार्केरियन 421 हा जवळचा ब्लॅझार (ताम्रसृती 0.031) अनेक टीईव्हीपर्यंत दिसतो. ताम्रसृती 0.5 असेल तर 200 जीईव्हीच्या आसपासच जेमतेम एक-तृतीयांश किरण पोचतात. डिसेंबर 2023 मध्ये ला पाल्मा बेटावरच्या ‘एलएसटी-1’ या गॅमा दुर्बिणीने टिपलेला ओपी 313 हा ब्लॅझार (0.997) म्हणूनच ऊर्जापट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला सापडला.

या गळतीवरून अंतर काढतात ते असे. ‘फर्मी’ उपग्रहाने मोजलेल्या कमी ऊर्जेच्या वर्णपटाचा उतार (ऊर्जा वाढेल तसे किरण किती झपाट्याने घटतात ते) घ्यायचा, कारण तिथे गळती नगण्य असते. मग जमिनीवरच्या दुर्बिणीचा वर्णपट घेऊन ताम्रसृती 0.1, 0.2, 0.3 अशी धरत जायची आणि प्रत्येक वेळी गळालेले किरण हिशेबाने परत भरायचे. भरून आलेला उतार जिथे फर्मीच्या उताराइतका सौम्य होतो, तिथे थांबायचे. त्यापुढची ताम्रसृती धरली तर वर्णपट वरच्या टोकाला उगाच उचलला जातो, आणि झोतातले इलेक्ट्रॉन तसे करत नाहीत. एवढ्यावरून ‘ब्लॅझार याहून दूर नसावा’ इतकेच म्हणता येते.

घोटाळे नेमके इथे होतात. ब्लॅझारचा मूळ वर्णपटच वरच्या ऊर्जेला वाकत असेल, तर ते वाकणे गळतीच्या खात्यावर जमा होते आणि अंतर फुगते. ब्लॅझार तासाभरातही बदलतो, त्यामुळे फर्मीची सरासरी कित्येक महिन्यांची आणि दुर्बिणीचे निरीक्षण दोन रात्रींचे असेल, तर तुलनेला अर्थ राहत नाही. तिसरा घोटाळा फारसा कोणी बोलून दाखवत नाही: ऊर्जेच्या मोजपट्टीत 15 टक्के चूक असेल आणि वर्णपटाचा घातांक 4 असेल (म्हणजे ऊर्जेच्या चौथ्या घाताने किरण घटत असतील), तर किरणांची संख्या दीडपट चुकते.

पीजी 1553+113 या ब्लॅझारचे उदाहरण बोलके आहे. नामिबियातील ‘हेस’ या गॅमा दुर्बिणींनी 2015 मध्ये गॅमा किरणांवरून त्याची ताम्रसृती 0.49 काढली, अधिक-उणे 0.04. हबल दुर्बिणीच्या अतिनील वर्णपटात वाटेतल्या हायड्रोजनने उमटवलेल्या रेषांवरून ती पुढे 0.433 ठरली. गॅमाचा अंदाज चुकलेला नाही, पण वरच्या बाजूला झुकला आहे, आणि तसाच तो झुकणार. बातमीत ताम्रसृती देताना ती रेषांवरून आली की गॅमावरून, एवढा एक शब्द जरी छापला तरी वाचकाची फसगत टळेल.

याच ब्लॅझारकडे इथल्या महाविद्यालयांनी लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. बेळगावच्या अक्षांशावरून तो खस्वस्तिकापासून (डोक्यावरच्या बिंदूपासून) पाच अंशांच्या आत मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो आणि साधारण 14 व्या प्रतीचा (प्रत जितकी मोठी तितका मंद) असतो. गॅमावाल्यांना ब्लॅझार भडकलेला हवा असतो, रेषा शोधणाऱ्यांना तो मंदावलेला. दोघांनाही त्याच्यावर रोज नजर ठेवणारा कोणीतरी लागतो. मार्केरियन 180 हा ब्लॅझार 2006 मध्ये ‘मॅजिक’ या गॅमा दुर्बिणीला सापडला तो दृश्य प्रकाशात भडकल्याची सूचना मिळाल्यामुळेच, आणि अशी पाळत 35 सेंटिमीटरच्या दुर्बिणीनेही ठेवली जात होती.

आठ-दहा इंची दुर्बीण, थंड केलेला कॅमेरा आणि लाल (आर) फिल्टर पुरेसा आहे. दोन-दोन मिनिटांची दहा चित्रे घेऊन ती एकावर एक जुळवावीत. ब्लॅझारची तुलना त्याच चित्रातल्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी करावी. मोबाइलने काढलेली जेपीजी चित्रे यासाठी निरुपयोगी, कारण त्यांत प्रकाशाचे प्रमाण आधीच बदललेले असते. नवख्यांनी मार्केरियन 421 पासून सुरुवात करू नये. तो 13 व्या प्रतीचा असला तरी शेजारचा सहाव्या प्रतीचा तारा चित्रावर फाकतो, शिवाय यजमान दीर्घिकेचा प्रकाश मोजणीत मिसळतो.

जांबोटी-कणकुंबीकडे आकाश शहरापेक्षा काळे आहे, पण पहाटे दव पडते. पुढच्या काचेभोवती दवपट्टी (काच किंचित गरम ठेवणारी पट्टी) नसेल तर तारे हळूहळू फिके पडतात आणि ब्लॅझारच मंदावल्याचा भास होतो. मोसम मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचा, मार्चमध्ये उत्तररात्री आणि मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास. पुढे वळीव सुरू होतात. पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवावी, नाहीतर खानापूरच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक,
बेळगाव-खानापूर