आजारी माणसाच्या विश्वासाचं माप काढू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी जालन्याचा, आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. चंगाई सभांचे, म्हणजे प्रार्थनेनं आजारी माणसं बरी करायच्या सभांचे, बॅनर हल्ली बरेच दिसायलेत. प्रार्थनेला माझा विरोध नाही, मी पण रोज करतो, पण एक गोष्ट लई दिवसापासून सलायली म्हणून लिहितोय.

माझ्या आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची तर थेंब रोज टाकावेच लागतात, असं डॉक्टरनी आधीच सांगितलेलं. अशाच एका सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि नंतर सभा घेणाऱ्यांपैकी एका बंधूनं बाजूला घेऊन सांगितलं, आई, थेंब टाकता म्हणजे तुमचा विश्वास कमी पडतोय. आम्हाला पत्ताच नाही. चार महिन्यांनी फ्रीजच्या दारातली बाटली हातात घेतली तर सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. आता डाव्या डोळ्यानं तिला खिडकी कुठं आहे एवढंच कळतं. आणि वर मलाच म्हणते, "माझाच विश्वास कमी पडला रे बाळा." ते मला ऐकवत नाही.

म्हणून चारी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी येशूबद्दल लिहिलेली पुस्तकं, परत काढून बसलो. कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तिथं येशूनं त्या लोकांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो, खाटेवरच्याला कुणी काही विचारलंच नाही. बेथेसदा तळ्याकाठचा माणूस 38 वर्षं आजारी, त्याला तर आपल्याला बरं करणारा कोण हे पण माहीत नव्हतं. बेथसैद्याच्या आंधळ्याला पहिल्या वेळी नीट दिसलंच नाही, माणसं झाडासारखी दिसतात पण चालतात म्हणाला, आणि येशू त्याला रागावला नाही, परत डोळ्यांवर हात ठेवले. असं अर्धवट दिसणारा माणूस आज स्टेजवर, मी बरा झालो अशी साक्ष द्यायला उभा राहू शकेल का? नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळं फार काही करता आलं नाही हे पण लिहिलंय, मान्य, पण अविश्वास गावकऱ्यांचा होता, तिथल्या थोड्या आजाऱ्यांना त्यानं हात ठेवून बरं केलंच. आणि योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात पाप कोणाचं, याचं का आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही.

मग "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" याचा अर्थ काय? येशू हे ज्याला म्हणाला तो आंधळा बार्तीमय बघा. यरीहोच्या रस्त्याला भीक मागत बसलेला, कानावर पडलं नासरेथकर येशू चाललाय, आणि हा ओरडतो दावीदपुत्रा! म्हणजे ज्याची सगळे वाट बघत होते तो तारणारा. डोळे असलेले लोक त्यालाच गप्प करायलेत. म्हणजे नजर यायच्या आधीच त्याला दिसलं होतं समोर कोण आहे ते. मूळ ग्रीकमध्ये तिथं जे वाक्य आहे तेच लूकच्या 7व्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या बाईला म्हटलंय, फक्त आपल्या मराठी बायबलात तिथं "तारले आहे" असं येतं. त्या बाईला तर कुठलाच आजार नव्हता! शब्द एकच, बरं करणं पण तेच आणि तारणं, म्हणजे पापातून सोडवणं, पण तेच. त्या वाक्याचा गोळ्या-औषधाशी काय संबंध? हे लिहिणारा लूक तर स्वतः वैद्य होता, प्रेषित पौलानं बायबलातल्या कलस्सैकरांच्या पत्रात तसं लिहिलंय.

आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. बेथसैद्याचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला, मग म्हणाली, "मला पण झाडंच दिसायलीत की." आता रात्री नऊला नात थेंब टाकते, त्याआधी दोघी प्रार्थना करतात.

सभा घेणाऱ्या सगळ्या पाळकसाहेबांना आणि बंधूंना हात जोडून विनंती आहे, प्रार्थना सुरू करायच्या आधी माइकवरून एवढं एक वाक्य सांगा की कुणीही आपल्या गोळ्या, थेंब, इंजेक्शन डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.

आपला,
एक वाचक, जालना