आदिवासी दिन की तोंडाला काळं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा उशिराच लिहितेय, ९ ऑगस्टला रागाच्या भरात लिहिलं असतं तर तुम्ही छापलंच नसतं. माझी मुलगी चौथीत आहे, घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत. जागतिक आदिवासी दिनाच्या चार दिवस आधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, ‘ट्रायबल ड्रेस’ घालून पाठवा, कंपल्सरी. मग काय, कोणी भाड्याच्या ड्रेसवाल्याचा नंबर टाकतंय, कोणी ऑनलाइनची लिंक, साडेतीनशे रुपयात पानांचा घागरा, डोक्याला रंगीत पिसांचा पट्टा, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि वर काळ्या रंगाची डबी फ्री. अहो, तो पिसांचा पट्टा अमेरिकेतल्या आदिवासींचा, तोही सिनेमात बघितलेला. आपल्याकडच्या वारली किंवा ठाकर माणसाने असलं काही डोक्याला बांधलेलं मी तरी कधी बघितलं नाही. पण मीही मुलीला तसंच पाठवलं, खोटं कशाला बोलू. फक्त काळा रंग लावला नाही, तर तो तिला शाळेत दुसऱ्या कोणाच्यातरी आईने फासून दिला.

स्पीकरवर कसलंतरी रिमिक्स लावून पोरं ‘झिंगालाला’ करत नाचली आणि आम्ही आयांनी मोबाईल वर करून व्हिडिओ काढले. तेवढ्यात गेटजवळ लक्ष गेलं, शाळेत साफसफाई करणाऱ्या मावशी भिंतीला टेकून बघत होत्या. त्या येऊरच्या पाड्यावरून येतात, वारली आहेत, मला माहीत होतं कारण जूनमध्ये शेवळं, ही पावसाळी रानभाजी, मी त्यांच्याकडूनच घेते. कुठे तोंड लपवू असं झालं. नंतर पोरांची तोंडं धुऊन बेसिन काळीकुट्ट झाली होती, ती पण त्यांनीच घासली. मी विचारलं, मावशी, वाईट नाही वाटलं? तर म्हणाल्या, "पोरांना काय कळतंय ताई. पण आमच्यात असा नाच नाय, तारप्याकडं कोणी पाठ नाय करत." आणि बादली उचलून गेल्या.

तारपा हे वाद्य मला तोवर फक्त माझ्या कुर्त्यावरच्या प्रिंटमधला माहीत, मधे वाजवणारा आणि भोवती माणसांची गोल रांग. घरी येऊन मुलीबरोबर बसून शोधलं. सुकवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या मेणाने बसवलेल्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा दम तुटू देत नाही, गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो. मुलगी अर्धा तास गाल फुगवून ट्राय करत होती, जमेना. एका तासाला याच्यापेक्षा भारी विषय कुठल्या म्युझिक टीचरला मिळणार आहे?

वारली चित्रांचंही तेच. नॅपकिनवर आहेत, मगवर आहेत, आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर पण आहेत, पण हे मुळात लग्नाचं चित्र, तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर सवाष्णींनी काढायचा चौक, त्यात पालघाट देवी, हे एकाही पोराला कोणी सांगितलेलं नाही. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. डहाणू म्हणजे काय परदेश आहे का? २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं की.

आणि ९ ऑगस्ट हा क्रांतिदिनही असतो, म्हणजे दोन्ही कार्यक्रम एकाच स्टेजवर सहज झाले असते. आमची स्कूलबस कधी पिकनिकला जाताना ठाण्याच्या जेलवरून जाते, तिथे २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली, महादेव कोळी समाजातले, इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध उठलेले, तेही १८५७ च्या आधी. पलीकडे उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी गोळीबारात गेले. नवी मुंबईतल्या पोरांना तर हे तासाभराच्या अंतरावर आहे. कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं, हे मला चाळिशीत कळतंय, आणि शाळेत आम्हाला काय शिकवलं तर आदिवासी जंगलात राहतात आणि कंदमुळं खातात. बस, एका ओळीत विषय संपला.

कंदमुळांवरून आठवलं. शेवळं कशी करायची हे मला मावशींनीच शिकवलं, नाहीतर पहिल्या वर्षी घशाला अशी खाज सुटली होती की विचारू नका. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं, म्हणजे काकड झाडाची फळं, ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा, मग खाज मरते. काकडं शेवळांबरोबरच विकायला असतात, ती नकोत म्हणून आपण चार पैसे वाचवतो आणि मग बोंबलत बसतो. हे बॉटनी, हे केमिस्ट्री, आणि हे ज्यांना येतं त्या बाई आमच्या शाळेत रोज सकाळी सातला हजर असतात, फडकं घेऊन.

पालक मीटिंगमध्ये मी विषय काढला. एक बाबा म्हणाले, एवढं काय सिरियस घ्यायचं, मुलांची मजा असते. असेल, पण त्याच शाळेत पाड्यावरची दोन मुलं शिकतात, त्या दिवशी ती आलीच नव्हती, आणि का आली नाहीत हे कोणी विचारलंही नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, सिलॅबसमध्ये बसवावं लागेल.

म्हणून मी परस्परच मावशींना विचारलं, वर्गात येऊन चौक काढून दाखवाल का, फुकट नाही, मानधन देऊन. त्या हसल्या. मला नाय येत तेवढं, सासूला येतो, पण म्हातारीला येऊरवरून खाली आणायचं म्हणजे रिक्षाला कोण पैसे देणार? जायचे-यायचे मिळून साडेतीनशेच्या आतच होतील. ते मी देते, शाळेने फक्त चौथी ब चा एक तास आणि एक भिंत द्यावी.

आपली,
एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे