गाडी ठाण्यापर्यंतच का आली?

ठाणे (प.)
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

नाशकाहून आलेलं तुझं पत्र मिळालं. ठाण्यात असं काय होतं की पहिली आगगाडी तिथंच आणली, हा लेकीचा प्रश्न तू बेधडक माझ्या गळ्यात टाकलास. खरं उत्तर ऐकलंस तर आपली ठाणेकर छाती चार बोटं आत जाईल. गाडी ठाण्यासाठी आलीच नव्हती रे! पुढे खाडी होती, म्हणून थांबली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांची 'जीआयपी', 1849 साली लंडनच्या पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिली. इकडे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी खटपट केली, पण पैसा विलायतेचा, आणि विलायतेचा डोळा कापसावर. 1846 साली अमेरिकेत कापूस बुडाला आणि मँचेस्टरवाल्यांना आपल्याकडची आठवण झाली. घाटावरचा कापूस बंदरात उतरवायचा तर लोहमार्ग हवा.

मला खरी गंमत वाटली ती कराराची. जमीन 99 वर्षांसाठी फुकट, वर भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी. गाडी रिकामी धावली तरी लंडनचा भागधारक उपाशी राहायचा नाही. कमी पडेल ते ईस्ट इंडिया कंपनी इथल्या महसुलातून भरणार. बँकेत जन्म घालवलेला मी, हे वाचून चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे जामीनदार कोण, तर शेतसारा भरणारा कुणबी, आणि त्याची सही कुठेच नाही! असली फाइल माझ्या टेबलावर आली असती तर साहेबाच्या तोंडावर परत केली असती. (हो, हो, केली नसती. तू ओळखतोसच मला.)

16 एप्रिल 1853 चा थाट तुला पाठ आहे. शनिवार, दुपारचे 3.35, बोरीबंदर, 21 तोफा, 14 डबे, 400 पाहुणे, पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. एवढं सगळं 21 मैलांसाठी. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कलेची नजर मात्र पार घाटांवर होती. भोरघाट 1863 मध्ये सर झाला, तुमच्याकडचा थळघाट 1865 मध्ये. ठाणे नुसतं वाटेतलं.

खाडीवरचा पूल होऊन कल्याणपर्यंत गाडी गेली 1 मे 1854 ला.

मेच्या सुट्टीत लेकीला घेऊन ये. दुपारी गर्दी कमी असते, ठाण्याला स्लो गाडीत बसू आणि कळव्याला उतरू. तिला खिडकीशी बसव. खाली खाडीचं काळं पाणी दिसतंय तोवर पूल संपतोसुद्धा. तिला घड्याळ लावून बघू दे. जीआयपीला तेवढं ओलांडायला एक वर्ष आणि पंधरा दिवस लागले होते.

येताना चिवडा आण, कांदा-मसाल्याचा. मागच्या वेळचा सादळला होता.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिन्या