प्रसूतिकक्षात सोबत हवीच

महोदय,

माझ्या पहिल्या बाळंतपणात कळा सुरू होऊन दुसरी रात्र उलटली तरी सुटका होईना. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, त्यामुळे प्रत्येक कळ थेट कंबरेत उतरायची. तपासायला येणारी प्रत्येक जण ‘अजून चारच सेंटिमीटर?’ म्हणायची, जणू मीच हात आखडता घेतला होता! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की, गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ बाईगणिक वेगळा असतो. तासाला १ सेंटिमीटर हा हिशेब सगळ्यांना लावू नये. हिंडण्याफिरण्याची मोकळीक आणि मनाजोगती सोबत याही त्याच शिफारशींत आहेत. मला मात्र उताणं झोपवून ठेवलं आणि आई दाराबाहेर.

रात्रपाळीच्या एका सिस्टरनी मला कुशीवर वळवलं, कंबरेवर तळहात दाबून धरला आणि कळ ओसरेपर्यंत काढला नाही. शेवटी बाळाला ओढून बाहेर काढायला डोक्याला व्हॅक्यूम लावावा लागला. मुलगी ठणठणीत आहे. पण ‘बाळ सुखरूप ना, मग झालं तर’ हे मला आता ऐकवत नाही. निदान एका माणसाला आत थांबू द्यायचा नियम प्रत्येक रुग्णालयाने दारावर लावावा आणि पाळावा.

– एक वाचक