कडा बंद करा, पण उघडण्याची तारीखही लिहा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : कोकणातील कड्यांवर घरट्यांसाठी घालायची हंगामी चढाईबंदी

महोदय,

समुद्रकड्यावर शाहीन ससाण्याचे घरटे असेल, तर तिथली चढाई थांबलीच पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना उपद्रव देणे 'शिकारी'च्या व्याख्येतच घातले आहे. आम्हा गिर्यारोहकांना त्यातून सूट नको. बंदी नेमकी हवी : कड्याचा किती भाग, कधीपासून, कधीपर्यंत.

अवघड स्पोर्ट मार्गाचा उपद्रव साध्या चढाईपेक्षा जास्त असतो, हे आधी मान्य करतो. २५ मीटरच्या मार्गावर दोर अडकवण्यासाठी कातळात कायमचे बसवलेले दहा-बारा बोल्ट असतात. सातवी क (फ्रेंच मोजणीतली 7c, म्हणजे फार अवघड) किंवा त्यावरची श्रेणी असेल, तर चढणारा सगळ्यात कठीण दोन-तीन हालचाली पुनःपुन्हा करतो, पडतो, दोरावर लोंबकळतो, पकडी ब्रशने घासतो. खालून बिले देणाऱ्याशी (दोर सांभाळणाऱ्याशी) ओरडून बोलणे चालूच. एकाच जागी तास-दोन तास जातात. तेवढा वेळ मादी अंड्यांवर बसली नाही, तर मार्चच्या उन्हात तापलेल्या काळ्या कातळावर अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांचे फावते. त्याहून वाईट म्हणजे माथ्यावरून रॅपलिंग, म्हणजे दोराने खाली उतरणे. वरून येणाऱ्या माणसाला पक्षी जास्त बिचकतो. म्हणून फलक पायथ्याशी लावून भागणार नाही, माथ्यावरही हवा.

शाहीनसाठी १ जानेवारी ते ३१ मे, घरट्याच्या दोन्ही बाजूंना १०० मीटर आणि वरचा माथा, एवढे क्षेत्र बंद ठेवावे. अंडी उबायला महिनाभर, पिल्ले उडायला आणखी सहा आठवडे लागतात. उशिरा घातलेली अंडीही त्यात बसतात. सह्याद्रीच्या धारेवर लांब चोचीच्या गिधाडांचे घरटे असेल, तर १ नोव्हेंबरपासूनच बंद करावे. ते वर्षाला एकच अंडे घालते, आणि मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांची जी वाताहत केली (जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले) त्यानंतर एकेक पिल्लू मोलाचे आहे. पुढे पावसाळा, म्हणजे त्या कड्यावर आम्हाला जेमतेम ऑक्टोबर उरतो. चालेल.

मात्र पाहणी दर वर्षी व्हावी. विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले म्हणजे घरटे, असे नसते. छज्ज्याखाली पाऊस पोहोचत नाही, जुने ओघळही टिकतात. दूर उभे राहून दुर्बिणीतून किमान दोन सकाळी पक्ष्याची ये-जा बघावी. मार्चअखेर घरटे नसेल किंवा पिल्ले लवकर उडाली, तर त्याच आठवड्यात कडा खुला करावा. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात बहिरी ससाण्यांसाठी (शाहीन ही त्यांचीच उपप्रजाती) १ मार्च ते १५ जुलै ठरावीक मार्गच बंद असतात आणि निरीक्षणानुसार आधीही उघडतात.

बेमुदत बंदीचा धोका वेगळाच आहे. खाऱ्या हवेत साध्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला आतून तडे जातात, वरून चकचकीत दिसतो. समुद्रकड्यावर टायटॅनियमचे, इपॉक्सीने चिकटवलेले बोल्टच टिकतात. पण जुने काढून नवे बसवायचे तर कातळ कोरडा आणि कडा खुला असावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबर हाच तो काळ, आणि ड्रिलचा आवाज घरट्याच्या हंगामात कधीच नको. कडा वर्षानुवर्षे बंद राहिला, तर देखभाल थांबते. चोरून चढायला येणारे मात्र थांबत नाहीत, आणि त्याच सडक्या बोल्टवर भार देतात.

पहिला आदेश सप्टेंबरअखेर निघावा. त्यात कड्याचे नाव, बंद भागाच्या हद्दी, दोन्ही तारखा आणि कडा खुला करण्याचा अधिकार कोणत्या वनक्षेत्रपालाकडे आहे, ते लिहिलेले असावे. फलक रंगवून माथ्यावर नेऊन रोवण्याचे आणि पाहणीला दुर्बिणी घेऊन येण्याचे काम आम्ही करू.

आपले,
कोकणात चढाईचे मार्ग बांधणारे गिर्यारोहक