अंगठ्याचं दुखणं

सोलापूर

प्रिय सुरेखा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. मनगटाला अंगठ्याच्या बाजूने सूज आहे, परात उचलताना कळ येते, आणि बाईसाहेब म्हणतात, 'बाम चोळतेय, जाईल.' दुखणं अंगावर काढायची ही खोड मी रोज बघते, म्हणून फोनवर उरकण्याऐवजी लिहायलाच बसले.

आधी एक कर. अंगठा मुठीत झाक आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकव. थोडं ओढल्यासारखं सगळ्यांनाच होतं. पण दुसऱ्या हातापेक्षा या हातात सणकन कळ आली, तर हे बहुतेक डी क्वेर्वेनचं दुखणं. या नावाच्या स्विस सर्जनने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा फाकवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे टेंडन, मनगटाशी एका अरुंद वेष्टनातून जातात, नेफ्यातून नाडी जावी तशा. तीच हालचाल दिवसभर झाली की नेफा जाड होतो आणि नाडी अडकते.

आता तुझं काम बघ. पीठ मळताना तळहाताचा जोर, मग थापणं, आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकताना अंगठा पूर्ण फाकलेला, मनगट वाकडं. कडक भाकरी तर पातळ थापावी लागते, म्हणजे हात जास्तच वेळ चालतो. त्यात भोगीच्या सुमारास तू ऑर्डरी एकदम दुपटीने घेतल्यास. कंडरेला रक्तपुरवठा बेताचाच, ती सावकाश सावरते; तिला हळूहळू वाढलेलं काम झेपतं, एकदम वाढलेलं नाही.

माझ्याकडे उपचाराला विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बायका येतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची ओली पानं. पान मापाने कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं. मजुरी हजारावर. कुणाकुणाचा अंगठा तर माझ्यासमोर रिकामा बसल्यावरही वळायच्या बेतातच असतो. यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'आराम' लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. हात थांबला तर चूल कशी पेटायची? 1700 मध्ये रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं लिहून ठेवली: एका जागी बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. तिसऱ्यासाठी अजून कुणी पट्टा काढलेला नाही.

तुझ्यासाठी मात्र पट्टा आहे. अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट घे. नुसत्या मनगटाच्या पट्ट्यात अंगठा मोकळाच राहतो. तीन ते सहा आठवडे वापर, मधूनमधून काढून अंगठा हलका हलवत जा. चोळणं आजपासून बंद. कामानंतर कपड्यात गुंडाळून बर्फ लाव. एवढ्याने उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. ते स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील, नावाला घाबरू नकोस. या दुखण्यात ते बऱ्याच जणींना लागू पडतं. पण तुला शुगर आहे हे आधी सांग, नंतर काही दिवस साखर चढते. त्यानेही भागलं नाही तर छोटं ऑपरेशन असतं, त्यात ते वेष्टन मोकळं करतात.

कळ ओसरली की बोटांना रबरबँड लावून हात उघडायचा व्यायाम सुरू करू. हात कायमचा जपत बसलीस तर तो आणखी कमजोर होईल.

आणि स्वयंपाकघरातलं: परात कडेला चिमटीत धरून उचलू नकोस, दोन्ही तळहात खाली घाल. सलग थापू नकोस. थोडं थापून झालं की भाजायला उभी राहा, थापायला मदतनीस बसव. तिच्या पगाराचा हिशेब मांडशील तेव्हा इंजेक्शनचा खर्च आणि बुडालेल्या ऑर्डरीही मांड.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे नस दबलेली असते, आणि शुगर, थायरॉइड असणाऱ्यांत ते जास्त दिसतं. तसं असेल तर या पत्रावर विसंबू नकोस, लगेच दाखव.

भाऊजींबरोबर शेंगाचटणी पाठवतेय. बरणीचं झाकण घट्ट आहे, ते त्यांनाच उघडायला सांग.

तुझी,
वैशाली